जुन्या पिकअपचा क्लच : पेटी उतरवण्याआधी हे वाचा



रेडिओवरच्या कार्यक्रमात आपण पीक, पाणी, खत, जनावरे यांविषयी नेहमी बोलतो. आजची पत्रिका जरा निराळ्या विषयावर आहे. पण विषय शेतीच्या बाहेरचा नाही. माल पिकवला तरी तो बाजारात वेळेवर पोचला पाहिजे, आणि तो पोचवणारी गाडी बांधावरच उभी राहिली तर पिकवलेल्याचा उपयोग काय?

मागच्या उन्हाळ्यात कांदा चाळीची पाहणी करायला मी खुटबावला एका वस्तीवर गेलो होतो. चाळीपेक्षा गोठ्याच्या बाजूलाच जास्त माणसं जमलेली. वडिलांच्या वेळची जीप, मागे लोखंडी हौदा बसवून केलेली पिकअप. वडील गेल्यावर नऊ वर्षं ती पाचटाखाली उभी होती. मुलाने हौसेने बाहेर काढली, इंजिन चालू केलं, ब्रेक नीट केले, नवा क्लच बसवला. आणि गिअर पडेना! पडला तर खर्रर्र आवाज करून.

मग काय, गिअरबॉक्स, म्हणजे आपली पेटी, खाली उतरवली. काही सापडलं नाही. परत चढवली. आधी गिअर आवाज करून तरी पडत होता, आता अजिबात पडेना. पुन्हा उतरवली, पुन्हा चढवली. आता गिअर पडायचा, पण गाडी सुटताना घोड्यासारखी उड्या मारायची. तिसऱ्या वेळी पेटी उतरवताना जॅक घसरला आणि पुतण्याचा हात खाली आला. नख गेलं, बोट वाचलं. कांदा तर भाड्याच्या टेम्पोनेच केडगावच्या बाजारात गेला.

तो शेतकरी मला म्हणाला, "साहेब, कांद्याचं नंतर बघा. आधी हे काय ते सांगा."

मी शेतकीचा पदवीधर, मेस्त्री नव्हे. पण यवतच्या बाजूचे एक वयस्कर मेस्त्री ओळखीचे होते, त्यांना आणलं. त्यांनी आधी कशालाही हात लावला नाही. गाडीखाली गोणपाट टाकून आडवे झाले आणि वर बसलेल्याला म्हणाले, "क्लच दाब. सोड. परत दाब." दोन मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, "पहिला दोष पेटीत नव्हताच. बाहेर होता. बाकीचे दोन तुम्ही पेटी उघडून आत घातलेत."

त्या दिवशी जे शिकलो आणि नंतर जे पडताळून पाहिलं, ते इथे क्रमाने देत आहे. सार एवढंच की पेटी उतरवण्याआधी बाहेरून तपासा, आणि पेटी चढवण्याआधी सगळे भाग जमिनीवर जुळवून पाहा. या दोन गोष्टी केल्या तर पेटी एकदाच उतरते आणि एकदाच चढते.

क्लच करतो तरी काय?

पट्ट्यावर चालणारी जुनी पिठाची गिरणी आठवा. इंजिन चालूच असायचं. गिरणी थांबवायची झाली की गिरणीवाला पट्टा मोकळ्या पुलीवर सारायचा, चालवायची झाली की हळूच घट्ट पुलीवर आणायचा. गाडीत हेच काम क्लच करतो.

इंजिनाच्या मागे जड चाक असतं, ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट. तिच्यामागे स्प्रिंगांची प्रेशर प्लेट, जी क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लच प्लेटच्या मधोमध दाते असलेलं भोक असतं. त्यातून पेटीचा दातेरी दांडा जातो. आपण पायाने पॅडल दाबलं की बाहेरची जोडणी हलते, ती काट्याला ढकलते, काटा रिलीज बेअरिंगला पुढे सारतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देतं आणि दाब सुटून क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन फिरत राहतं, पेटीचा दांडा थांबतो आणि गिअर बिनआवाज पडतो.

म्हणजे क्लच प्लेट मोकळी व्हायला फार जागा लागत नाही. एखादा मिलिमीटर सरकली तरी पुरतं. पण तेवढं सरकण्यासाठी पॅडलपासून बोटांपर्यंतची साखळी पूर्ण चालली पाहिजे. मध्ये कुठे थोडं झिजलं, थोडं वाकलं, तर पाय जमिनीला टेकतो आणि आत काहीच हलत नाही.

जुन्या गाडीतच ही भानगड जास्त का?

आपल्याकडच्या जुन्या जीप आणि पिकअप वरून सारख्या दिसतात, पण पोटातून वेगळ्या असतात. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली. त्या पेट्रोलवर चालायच्या. पुढे त्याच घडणीच्या गाड्यांत ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन आलं आणि ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या आराखड्याचं डिझेल इंजिन आलं. पेट्रोल महाग झालं तशा पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या पेट्रोल जीपमध्ये गॅरेजात डिझेल इंजिन बसवून घेतलं. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या पुण्याच्या बजाज टेम्पोच्या गाड्यांचीही तीच गत. जुने टेम्पो आणि मॅटाडोर हातोहात फिरले आणि ज्याला जो भाग मिळाला त्याने तो बसवला.

परिणाम काय? बॉनेट एका सालचं, इंजिन दुसऱ्या सालचं, पेटी तिसऱ्या गाडीची. दुकानात जाऊन "जीपचा क्लच द्या" म्हटलं की दुकानदार देतो ती प्लेट तुमच्या दांड्यावर बसेलच असं नाही. म्हणून जुनी प्लेट हातात घेतल्याशिवाय पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा दौंडच्या दुकानात काय, नवी विकत घेऊ नये.

पहिली पायरी : पेटीला हात न लावता तपासणी

चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडके लावा. इंजिन बंद ठेवा. मग पुढीलप्रमाणे पाहा.

१. पॅडलची मोकळी चाल. पॅडल हाताने दाबा. सुरुवातीला ते अगदी हलकं जातं, मग जड लागतं. हलकं जाणारं अंतर म्हणजे मोकळी चाल. जीपच्या जातीच्या गाडीत ती साधारण २० ते २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच असते. गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा धरावा. चाल फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर आवाज करतो. चाल अजिबात नसेल तर क्लच पूर्ण दाबला जात नाही, प्लेट घसरून जळते आणि रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून खराब होतं. ही चाल केबलच्या किंवा दांडीच्या टोकाच्या नटाने कमी-जास्त करता येते. एक पाना आणि दहा मिनिटं, एवढाच खर्च.

२. बाहेरची जोडणी. एकाने पॅडल दाबावं, दुसऱ्याने खाली पाहावं. पॅडल हललं की आडवी नळी लगेच फिरते का? नळी फिरली की काटा लगेच हलतो का? मध्ये कुठे हालचाल "गिळली" जाते का? पिना, गोळे, भोकं झिजून लांबट झालेली असतात. केबल आत गंजून अडकते. नळीचा आधार चॅसीवरून सुटून वाकतो. खुटबावच्या गाडीत पहिला दोष हाच होता. नळीकडून काट्याकडे जाणाऱ्या दांडीचं टोक झिजलं होतं. पॅडल पूर्ण खाली जायचं, पण काटा जेमतेम हलायचा. किरकोळ किमतीची दांडी बदलायची होती, आणि त्यासाठी पेटी तीनदा उतरली!

३. इंजिनाचे आणि पेटीचे रबर. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती कुजली असतील तर क्लच दाबताना अख्खं इंजिन पुढे सरकतं. गाडी सुटताना उड्या मारते त्याचंही हे एक कारण असतं. टॉमी घालून इंजिन हलवून पाहा. कमानपाट्यांचे यू-बोल्टही पाहून घ्या.

४. तेलाच्या ब्रेकसारखा क्लच असेल तर. काही गाड्यांत दांडीऐवजी तेलाच्या दाबाने काटा हलतो. तिथे आधी डबीतलं तेल पाहा, गळती पाहा आणि हवा काढा. पॅडल दोनचारदा भराभर मारल्यावर गिअर नीट पडत असेल तर हवा आत आहे असं समजावं.

आता इंजिन चालू करून पाहा

गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गाडीपुढे आणि मागे कुणी नको.

आवाजावरून दोष ओळखता येतो. पॅडल नुसतं टेकवून थोडं दाबलं की आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग वाजतं आहे. पॅडल मोकळं असताना आवाज आणि पूर्ण दाबलं की बंद, तर पेटीच्या पुढच्या दांड्याचं बेअरिंग वाजतं आहे. पॅडल पूर्ण दाबून गिअर टाकलेला असताना आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या मध्यातला बुश किंवा बेअरिंग खराब असण्याचा संभव आहे.

क्लच पूर्ण सुटतो का हे पाहायला पॅडल पूर्ण दाबा, मनात दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला तर क्लच सुटतो आहे. खर्रर्र झालं तर प्लेट ओढत आहे.

क्लच घसरतो का हे पाहायला सपाट जागी, चाकांना ओंडके लावून, हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाका, थोडं रेस द्या आणि पॅडल हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते चालतच राहिलं तर प्लेट घसरत आहे. ही परीक्षा एकदाच करा. वारंवार केल्याने चांगली प्लेटही जळते.

फार दिवस उभ्या असलेल्या गाडीत

पाचसहा पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पॅडल दबतं, बाहेरचं सगळं हलतं, तरी गिअर पडत नाही. इथेही लगेच पेटी उतरवायची घाई नको. पॅडल पूर्ण दाबून पॅडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडाची खुंटी अडकवून रात्रभर ठेवा. पुष्कळदा सकाळपर्यंत प्लेट सुटते. न सुटल्यास इंजिन आधी चांगलं तापवून बंद करावं. मोकळ्या पडीक रानात, पुढे शंभर पावलं काहीही नसताना, क्लच दाबून, गिअर टाकून स्टार्टर मारावा आणि गाडी चालू लागली की पॅडल दाबूनच ठेवून रेस कमी-जास्त करावी. हिसक्याने प्लेट सुटते. ब्रेक पक्के असल्याशिवाय आणि इंजिन बंद करायची दोरी किंवा चावी हाताशी असल्याशिवाय हे करू नये. लहान मुलांना गाडीत बसवू नये. नाही सुटली तर मग पेटी उतरवण्यावाचून इलाज नाही.

दुसरी पायरी : पेटी उतरवताना

आधी बॅटरीची तार काढा. गाडी विटांच्या किंवा दगडांच्या थरावर उभी करू नका. वीट वजनाखाली अचानक फुटते. लोखंडी घोड्या किंवा जाड लाकडी ठोकळे घ्या. जीपमध्ये पेटी आणि तिच्यामागची ट्रान्सफर पेटी एकत्रच खाली येतात. ते वजन एका माणसाने छातीवर घ्यायचं नसतं. आत बसून फळीचा पत्रा काढला की पेटी वरून दिसते. विहिरीवर इंजिन उतरवायला करतो तसं तीन वाशांचं तिकाटणं गाडीवर उभं करून, चेन पुलीची साखळी त्या जागेतून खाली सोडून पेटी धरावी. खाली जॅकवर फळी ठेवून तिचा दुसरा आधार द्यावा.

पेटी मागे ओढताना ती प्लेटच्या दात्यांतून पूर्ण सुटेपर्यंत सरळ रेषेत धरावी. अर्धवट सुटलेली पेटी खाली लोंबू दिली तर तिचं सगळं वजन क्लच प्लेटच्या मधल्या भागावर येतं आणि तो वाकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच वाकतो, पण तेवढं पुरतं.

आणखी एक महत्त्वाची सूचना. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. ती फुफ्फुसात गेली तर पुढे कित्येक वर्षांनी त्रास होतो. तोंडाला फडकं बांधा, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने भुकटी पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. हे काम घरात किंवा गोठ्यात करू नये.

तिसरी पायरी : जमिनीवर जुळवणी

गोणपाट अंथरा. सगळे भाग त्यावर मांडा. इथे एक तास गेला तर पुढचे चार दिवस वाचतात.

प्लेट आणि दांडा. नवी प्लेट पेटीच्या दांड्यावर हाताने सरकवून पाहा. जुन्या आणि नव्या प्लेटचे दाते मोजा. दात्यांची संख्या सारखी पण जाडी वेगळी असंही होतं. प्लेट दांड्यावर आपल्या वजनाने सरकली पाहिजे. ठोकून बसवावी लागणारी प्लेट तुमची नव्हे. जुनी आणि नवी प्लेट एकावर एक ठेवून व्यास आणि मधल्या भागाची उंची ताडून पाहा. प्लेट दुर्मीळ असेल तर जुन्या चकतीवर नवं अस्तर रिव्हेट करून मिळतं. मात्र मधला भाग सरळ आणि स्प्रिंगा घट्ट असल्या पाहिजेत.

प्लेटची बाजू. ही चूक भलेभले करतात. प्लेटला दोन बाजू असतात. बहुतेक प्लेटमध्ये मधला उंच भाग आणि स्प्रिंगा पेटीच्या बाजूला येतात. पुष्कळ प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोरलेली असते, ती वाचावी. उलटी बसवली तर मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो आणि क्लच कधीच सुटत नाही. खात्री नसेल तर प्लेट फ्लायव्हीलवर धरून हाताने फिरवून पाहा. मध्ये कुठे घासता कामा नये. खुटबावला पहिल्यांदा पेटी चढवताना प्लेट उलटी गेली, तो दुसरा दोष.

मधला बुश. फ्लायव्हीलच्या मध्यात पितळी बुश किंवा लहान बेअरिंग असतं. पेटीच्या दांड्याचं टोक त्यात फिरतं. बुश झिजला की दांडा डुलतो, बुश घट्ट झाला की दांडा इंजिनाबरोबर फिरतच राहतो आणि गिअर पडत नाही. इंजिन बदललेल्या गाडीत हा बुश हमखास पाहावा, कारण इंजिन एकाचं आणि दांडा दुसऱ्याचा असतो. दांड्याचं टोक बुशमध्ये हाताने घालून फिरवा. सहज फिरलं पाहिजे, पण डुलता कामा नये. पितळी बुश नवा असेल तर बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवावा.

फ्लायव्हीलचा चेहरा. निळे डाग, भेगा, खोल रेघा असतील तर लेथवर साफ करून घ्यावा. मोठ्या भेगा असतील तर चाक बदलावं. फ्लायव्हीलला पायरी असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच छाटाव्या लागतात, नाहीतर स्प्रिंगांचा दाब बदलतो. हे लेथवाल्याला आठवणीने सांगा.

तेल कुठून येतं? प्लेटवर तेल लागलेलं असेल तर नुसती प्लेट बदलून उपयोग नाही. पातळ, काळं तेल असेल तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळतं आहे. जाड, उग्र वासाचं असेल तर पेटीतून. आधी गळती बंद करा. तेल पिलेलं अस्तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये.

प्रेशर प्लेटची बोटं. तिन्ही बोटं एका पातळीत हवीत. वर सपाट पट्टी ठेवून पाहा. एक बोट वर, एक खाली असेल तर प्लेट तिरकी सुटते आणि गाडी उड्या मारते. नव्या प्रेशर प्लेटची बोटं कारखान्यातून लावून येतात, ती उगाच फिरवू नयेत.

रिलीज बेअरिंग आणि काटा. हे बेअरिंग बहुधा ग्रीस भरून बंद केलेलं असतं. ते रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुऊ नये. आतलं ग्रीस निघून जातं आणि थोड्याच दिवसांत ते ओरडू लागतं. काट्याची टोकं झिजली आहेत का, काटा आपल्या गोळ्यावर नीट बसतो का, त्याची क्लिप शाबूत आहे का, हे पाहा. पेटी चढवताना काटा गोळ्यावरून निसटला तर बाहेरून कळत नाही.

पेटी खाली आहे तोवर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि बुश तिन्ही एकदमच बदलणे फायद्याचे. एकासाठी पुन्हा पेटी उतरवण्याची मजुरी त्या भागापेक्षा महाग पडते.

चौथी पायरी : पेटी चढवताना

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा चेहरा स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसा. ग्रीसचे हात लावू नका. दांड्याच्या दात्यांना ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्त ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जातं.

प्लेट बरोबर मध्यावर आली पाहिजे. त्यासाठी भंगारातून मिळालेला त्याच जातीचा जुना दांडा सर्वांत चांगला. तो न मिळाल्यास सुताराकडून बाभळीच्या लाकडाची खुंटी करून घ्या. पुढचं टोक बुशात बसेल एवढं, मागचा भाग प्लेटच्या भोकात बसेल एवढा. खुंटी घालूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळा. समोरासमोरचे बोल्ट, एकेकाला एक-दोन फेरे, असे आळीपाळीने. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर झाकण वाकतं आणि बोटांची पातळी बिघडते. शेवटी खुंटी सहज बाहेर आली पाहिजे. अडकली तर प्लेट मध्यावर नाही.

घराच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या, आणि पेटीच्या तोंडावरची माती आणि जुना रंग खरवडून काढा. जागा धरणाऱ्या पिना असतील तर त्या हरवू नका. दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांचे मार्गदर्शक खुंटे करा आणि वरच्या दोन भोकांत लावा, म्हणजे पेटी सरळ रेषेत पुढे जाते. वरचा गिअर टाकून मागचा दांडा हाताने थोडाथोडा फिरवा. दाते जुळले की पेटी आपोआप पुढे सरकते.

आता नीट ध्यानात ठेवा. पेटी शेवटचा अर्धा इंच जात नसेल तर ती बोल्टने ओढून बसवू नका. काहीतरी जुळलेलं नाही म्हणूनच ती जात नाही. बोल्ट आवळले की "टक्" असा आवाज येतो आणि पेटी बसते खरी, पण आत प्लेटचा मधला भाग वाकलेला असतो किंवा घराचा कान तुटलेला असतो. खुटबावच्या गाडीचा तिसरा दोष हाच. नवीकोरी प्लेट चढवतानाच वाया गेली.

पेटी बसली की मोकळी चाल पुन्हा लावा. मग आधी सांगितलेली रिव्हर्सची परीक्षा घ्या. सगळं ठीक असेल तर पहिले काही दिवस रिकामी किंवा हलकी गाडी चालवा. नवीन अस्तर बसायला वेळ लागतो. थोड्या दिवसांनी मोकळी चाल पुन्हा तपासा. चालवताना पाय पॅडलवर ठेवून बसण्याची सवय सोडा, नाहीतर नवा क्लचही लवकर जातो.

कागदपत्रांचंही पाहा

जुनी गाडी दुरुस्त करणं आणि ती रस्त्यावर आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. माल वाहणाऱ्या गाडीला योग्यता दाखला वेगळा लागतो. पेट्रोलचं डिझेल केलं असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदणी पुस्तकात लावून घ्यावा लागतो. हौदा बसवून गाडीचा प्रकार बदलला असेल त्यालाही हेच लागू. म्हणून इंजिनावर खर्च करण्याआधी परिवहन कार्यालयात एक खेप घाला.

कुणी सांगेल, गाडी ५० वर्षांच्या वरची आहे, "व्हिंटेज" म्हणून नोंदवा. २०२१ पासून तशी सोय झाली आहे. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. तिच्यातून कांदा-भाजी बाजारात नेता येणार नाही. हौस म्हणून ठेवायची की कामाला लावायची, हे आधी ठरवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

● गिअर पडत नाही : मोकळी चाल जास्त, बाहेरची जोडणी झिजलेली, प्लेट चिकटलेली, उलटी किंवा वाकलेली, मधला बुश घट्ट.
● क्लच घसरतो : मोकळी चाल नाही, अस्तरावर तेल, अस्तर झिजून रिव्हेट वर आलेले, स्प्रिंगा ढिल्या.
● गाडी उड्या मारते : इंजिनाचे रबर कुजलेले, अस्तरावर तेल, बोटं वरखाली, प्लेट वाकलेली.
● आधी चाल, मग जोडणी, मग रबर, आणि सर्वांत शेवटी पेटी.
● पेटी आधाराशिवाय उतरवू नये. बोल्टने ओढून चढवू नये.

खुटबावची ती गाडी आता चालते. दांडी नवी, प्लेट पुन्हा एक नवी, बुश नवा. चौथ्यांदा पेटी उतरली ती शेवटची. परवा मी चाळ पाहायला गेलो तर पुतण्याच गाडी चालवत होता, मागे कांद्याच्या गोण्या. मला बघून थांबला, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला आणि म्हणाला, "ऐका साहेब, आवाज येतोय का?"

आवाज आला नाही. त्याच्या बोटाचं नखही नवं आलं होतं.

शेतकरी बंधूंनो, आपल्या घरीही अशी एखादी गाडी वडिलांची आठवण म्हणून उभी असेल. ती जरूर चालू करा, पण घाई करू नका. अडचण आली तर गाडीचा प्रकार, इंजिन कोणतं आणि नेमकं काय होतं एवढं लिहून कार्यक्रमाकडे पत्र पाठवा. पुढच्या भेटीत त्यावर बोलू.

रामराम.